अर्धा माल, पुरा भाव : चिलखती मॉडेलची जोडणी आणि रंगकाम

शिंप्याने सदरा बेतून, कापून, पण न शिवता गिऱ्हाइकाच्या हातात ठेवला आणि शिवलेल्या सदऱ्याचे पैसे मागितले, तर ते गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार नाही. सुताराने खुर्चीचे पाय वेगळे आणि पाठ वेगळी बांधून दिली तरी भाव पडलाच म्हणून समजा. परंतु बाजारात एक माल असा आहे की तो मुद्दाम सुटा, न जोडलेला, न रंगवलेला विकला जातो. गिऱ्हाईक तो हौसेने नेते, आणि वर तो पुरा करण्यासाठी लागणारे कटर, कानस, रंग, थिनर यांचे वेगळे पैसे मोजते. हा माल म्हणजे प्लास्टिकचे मॉडेल किट.

त्यातल्या एका जातीविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. जपानमध्ये 'गंडम' नावाचा एक चिलखतधारी यंत्रयोद्धा आहे. त्याचे वीतभर उंचीचे मॉडेल सुट्या भागांच्या स्वरूपात मिळते. ते मुलेही जोडतात. पण डोक्यावरचे केस पिकलेली माणसेही रात्र रात्र जागून ते जोडतात आणि रंगवतात. आमच्या वाचकांपैकी अनेकजण डाय बनवणारे, फिटर, स्प्रे पेंटर, पॉलिशवाले आहेत. कित्येकांचा खेळण्यांचा किंवा प्लास्टिक दाण्याचा व्यापार आहे. या सर्वांचे हुनर या एका वस्तूत एकत्र आलेले दिसते, आणि कोणत्या टप्प्यावर किती पैसा मिळतो हेही दिसते. हा आकार माणसासारखा असल्याने काही वाचकांच्या मनात वेगळाच प्रश्न उभा राहील. तो त्यांनी आपल्या आलिमांना विचारावा. आम्ही येथे फक्त कारागिरीचे आणि धंद्याचे बोलणार आहोत.

जोडणीची मजुरी गेली कोठे?

सुटा माल विकण्याची युक्ती जपानची नव्हे. ब्रिटनमध्ये निकोलस कोव्ह या मूळच्या हंगेरीच्या गृहस्थाने १९३९ मध्ये 'एअरफिक्स' ही कंपनी काढली. १९४७ मध्ये या कंपनीने इंजेक्शन मोल्डिंगचे यंत्र बसवले ते खिशातले कंगवे काढण्यासाठी. थोड्याच दिवसांत फर्ग्युसन ट्रॅक्टरवाल्यांनी जाहिरातीसाठी छोटा ट्रॅक्टर बनवून मागितला. त्याचे भाग साच्यातून भराभर निघत, पण जोडावे लागत हाताने. विक्रीसाठी तो स्वस्त करायचा तर ही मजुरी कमी होणे भाग होते. तेव्हा कंपनीने तो न जोडताच विकायला काढला. १९५२ मध्ये 'गोल्डन हाइंड' या जुन्या जहाजाचे छोटे किट साध्या पिशवीत घालून वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगला ठेवले, आणि ते चालले. कारखानदाराच्या हिशेबात जो खर्च होता, तोच गिऱ्हाइकाच्या दृष्टीने विरंगुळा ठरला. व्यापाराच्या इतिहासात इतकी सोपी आणि इतकी फायद्याची उलटापालट क्वचितच झाली असेल.

जपानमध्ये या धंद्याचे ठिकाण आहे टोकियो आणि नागोया यांच्या मधले शिझुओका शहर. हे मुळात सुतारांचे गाव. जुन्या काळी तेथील देवस्थानांच्या बांधकामासाठी सुतार आणि लाखकाम करणारे कारागीर आले आणि तेथेच राहिले, असे तेथील लोक सांगतात. 'तामिया' ही आज जगभर माहीत असलेली मॉडेल कंपनी १९४६ मध्ये लाकडाची वखार म्हणून सुरू झाली, १९४८ पासून लाकडी मॉडेल बनवू लागली. पण परदेशातून प्लास्टिकची मॉडेल येऊ लागली तशी लाकडी मालाची विक्री खाली आली. १९६० मध्ये तामियाने प्लास्टिकमध्ये उडी घेतली, 'यामातो' युद्धनौका काढली, तर दुसऱ्या एका कंपनीने तीच नौका कमी किमतीला बाजारात आणली. साच्यात घातलेले भांडवल अडकले. पुढे पँथर रणगाड्याने त्यांना तारले. आमच्या सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांनीही प्लास्टिकचा हाच मार खाल्ला आहे. फरक इतकाच की शिझुओकाच्या वखारवाल्याने नव्या मालाचा साचा स्वतःच बनवायला घेतला.

आता गंडमकडे वळू. एप्रिल १९७९ मध्ये जपानी दूरदर्शनवर या नावाची चित्रमालिका सुरू झाली. तिच्या खर्चाचा भार 'क्लोव्हर' या खेळण्यांच्या कंपनीवर होता. क्लोव्हरने लहान मुलांसाठी तयार, चकचकीत खेळणी काढली. मालिका मात्र आवडली ती मोठ्या मुलांना, आणि त्यांना तसली खेळणी नको होती. माल उठेना. ५२ भागांची ठरलेली मालिका ४३ भागांत, जानेवारी १९८० मध्ये, गुंडाळली गेली. त्यानंतर 'बंदाई' या कंपनीने जुलै १९८० मध्ये त्याच योद्ध्याचे किट आणले. कथेत हा योद्धा १८ मीटर उंच आहे. त्याच्या १४४व्या हिश्श्याने हे मॉडेल साडेबारा सेंटिमीटरचे होते. किंमत ३०० येन. मालिका पुन्हा दाखवली जाऊ लागली आणि दुकानांपुढे रांगा लागल्या. क्लोव्हरचे १९८३ मध्ये दिवाळे निघाले. त्याला नंतरची कारणेही होती, पण तयार माल पडून राहिला आणि अर्धा माल हातोहात गेला ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. गिऱ्हाईक कोण आहे हे एकाने ओळखले, दुसऱ्याने ओळखले नाही.

साचा आणि दाणा

डबा उघडला की आत प्लास्टिकच्या चौकटी निघतात. प्रत्येक चौकटीत बारीक दांड्यांना भाग लटकलेले असतात, जणू झाडाला कच्च्या कैऱ्या. दांडीला रनर म्हणतात. दांडी जेथे भागाला चिकटते त्या अरुंद तोंडाला गेट. इंजेक्शनच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे समजावायला नको. वितळलेला दाणा ज्या वाटेने साच्यात शिरला तीच वाट थंड होऊन दांडी बनते. आपल्याकडे कारखानदार ती तोडून पुन्हा दळायला टाकतो. किटवाला ती न तोडता तशीच गिऱ्हाइकाला देतो आणि तोडण्याची मजुरी वाचवतो.

मुख्य प्लास्टिक पॉलिस्टायरीन. ते कडक असते, बारीक नक्षी स्वच्छ उठवते, सहज कापते, घासले जाते, रंग धरते. मात्र सांध्यात पुन्हा पुन्हा फिरले तर झिजते. म्हणून गुडघा, कोपर, खांदा येथे बऱ्याच किटमध्ये मऊ पॉलिथिलीनच्या टोप्या घालतात. पॉलिथिलीनला ना चिकटपट्टीचा गोंद धरत ना रंग, हे लक्षात ठेवावे. ज्या भागावर ताण येतो तेथे काही किटमध्ये एबीएस असते. डोळ्यांना हे सगळे सारखेच दिसते. पुढे थिनर लागले की जात उघडी पडते.

१९८० चे पहिले किट एकाच पांढऱ्या रंगात होते. निळी छाती, लाल पाय, पिवळी फीत हे सगळे गिऱ्हाइकाने रंगवायचे, गोंदही त्यानेच लावायचा. ज्याचा हात बसलेला नाही त्याच्याकडून मॉडेलचे मातेरे होई. मग कंपनीने एकाच चौकटीत चार रंगांपर्यंत प्लास्टिक ओतणारी यंत्रे आणली. १९९० मध्ये निघालेले 'हाय ग्रेड' किट गोंदाशिवाय नुसते दाबून जोडता येत होते, आणि रंग न लावताही चारचौघांत ठेवण्याजोगे दिसत होते. १९९५ मध्ये 'मास्टर ग्रेड' आले. त्यात चिलखताच्या आत वेगळा सांगाडा. १९९८ मध्ये त्याहून मोठे आणि महाग 'परफेक्ट ग्रेड'. २०२० च्या अखेरीस आलेले 'एंट्री ग्रेड' तर कटरशिवाय हाताने तोडून जोडता येते, आणि त्याची किंमत करासह ७७० येन होती.

कारखानदारांनी येथे थोडे थांबून विचार करावा. भाग दाबून बसवायचा आणि वर्षभर हलवून ढिला होऊ द्यायचा नाही, म्हणजे खुंटी आणि भोक यांच्यातला फरक केसाहून बारीक हवा. साचा गरम-थंड होताना प्लास्टिक किती आकसेल याचा अंदाज आधीच धरावा लागतो, आणि वेगवेगळ्या रंगाच्या दाण्याचे वागणेही अगदी एकसारखे नसते. हे काम पोलादी साच्याचे आणि साचा घासणाऱ्या माणसाचे. साचा महाग पडतो, पण नीट तेलपाणी केले तर दशकानुदशके चालतो. १९८० चे ते जुने किट पुढे अनेक वेळा नव्याने काढून विकले गेले आहे. २००६ मध्ये बंदाईने शिझुओकातच आपला नवा कारखाना उघडला. मजुरी स्वस्त असलेल्या देशात जायची वाट मोकळी असताना, साच्याचे जाणकार जेथे आहेत तेथे राहणे त्यांना परवडले.

तोडणे, घासणे, जोडणे

नवशिका पहिली चूक करतो ती भाग तोडताना. कटर थेट भागाला भिडवून दाबले की प्लास्टिकवर ताण येतो आणि तेथे पांढरा डाग उठतो. निळ्या, लाल, काळ्या भागावर तो फार दिसतो. म्हणून कापणे दोनदा. पहिला काप भागापासून लांब, दांडीवर. भाग मोकळा झाला की उरलेला खुंट दुसऱ्या कापाने जवळून, तरीही कागदाएवढा राखून. राहिलेले पात्याने खरवडायचे आणि मग पॉलिश पेपर.

कटरवरच एक निराळा धंदा उभा आहे. जपानच्या निगाता प्रांतात त्सुबामे हा धातुकाम करणाऱ्यांचा जुना मुलूख आहे. तेथली 'गॉड हँड' ही कंपनी मॉडेलवाल्यांसाठी एकधारी कटर बनवते. त्यात एकाच बाजूला धार, दुसरी बाजू सपाट, पाटीसारखी. त्यामुळे प्लास्टिक दोन्हीकडून चिमटत नाही, कापले जाते, आणि पांढरा डाग जवळजवळ पडत नाही. हे कटर नाजूक असते. त्याने तार किंवा जाड दांडी कापली तर पाते तुटलेच. पण हौशी माणूस एका किटच्या किमतीहून जास्त पैसे त्यासाठी देतो. हत्यारे करणाऱ्या आमच्या बांधवांनी हे ध्यानात घ्यावे.

घासण्याला शॉर्टकट नाही. ४०० नंबरने सुरुवात, मग ६००, मग ८००, रंग लावायचा नसेल तर १००० आणि त्यापुढे. कागद बोटाने धरून घासला तर कडा गोल होतात आणि चिलखताचा पत्रा साबणाच्या वडीसारखा दिसू लागतो. कागद सपाट लाकडाच्या तुकड्याला चिकटवून घासावा. लाकडी फर्निचरवर पॉलिश करणारा माणूस हे सांगितल्याशिवाय करतो.

यानंतरचे काम कसबाचे. हात, पाय, बंदुकीची नळी हे भाग दोन फाळक्यांचे असतात आणि ती जोडली की मध्ये उभी रेघ राहते. खऱ्या ओतीव धातूवर अशी रेघ नसते. ती दिसली की खेळणे म्हणून कळते. ती घालवण्यासाठी स्टायरीनचा पातळ गोंद वापरतात. हा गोंद म्हणजे एक प्रकारचे थिनरच. तो चिकटवत नाही, प्लास्टिक वितळवतो. दोन्ही कडांना भरपूर लावायचा, क्षणभर थांबायचे, मग फाळकी दाबायची. सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक मणी बाहेर येतो. तो पुसू नये. आठवडाभर तसाच वाळू द्यावा आणि मग घासून काढावा. दोन दिवसांत घासला तर त्या वेळी गुळगुळीत दिसतो, पण आतले प्लास्टिक वाळताना आकसते आणि रंगाखाली रेघेच्या जागी खोबण उमटते. घाईच्या कामाची ही खूण जाणत्या गिऱ्हाइकाला ताबडतोब ओळखू येते. मोठा खड्डा असेल तर लांबी भरावी, पातळ थरांत.

आता पेच असा की दोन फाळक्यांच्या मध्ये सांधा अडकलेला असतो, आणि तो वेगळ्या रंगाचा असतो. आधी जोडून रेघ घासली तर आतला सांधा रंगवता येत नाही. आधी रंगवला तर घासताना रंग जातो. यावर जपानी कारागीर सांध्याच्या कडीचा थोडा भाग कापून तिचा इंग्रजी 'सी' अक्षरासारखा आकडा करतात. मग बाहेरचे चिलखत जोडून, घासून, रंगवून झाल्यावर सांधा मागाहून आत सरकवता येतो. सूचनापत्रात हे नसते. किती कापले म्हणजे बसेल आणि किती कापले म्हणजे ढिले पडेल हे प्रत्येक किटमध्ये वेगळे, आणि ते हातालाच कळते.

रंगकाम

रंगाआधी सर्व भाग साबणाच्या पाण्याने धुवावेत. साच्यावरचे तेल आणि बोटांचा घाम राहिला तर रंग पापडीसारखा सुटतो. मग प्रत्येक भाग काडीला चिमटा लावून धरायचा. एका मॉडेलचे शंभर-दीडशे भाग असतात. काड्या रोवलेली पेटी बघितली की अगरबत्तीचे दुकान वाटावे.

प्रायमरचा पहिला हात राखाडी. तो रंग धरण्यासाठी असतो, पण त्याचे दुसरे काम जास्त महत्त्वाचे आहे. नुसत्या प्लास्टिकवर न दिसलेला प्रत्येक ओरखडा राखाडीवर दिसतो. तो दिसला की पुन्हा घासायला बसायचे. मोटारीच्या गॅरेजमध्ये काम केलेल्या पेंटरला हे नवीन नाही. फरक मापाचा आहे. मोटारीच्या दरवाजावर जो थर पातळ, तो येथे जाड. चिलखतावर कोरलेल्या रेघा अर्ध्या मिलीमीटरहूनही बारीक असतात. जाड हात मारला की बुजल्या. म्हणून लहान एअरब्रश, ०.३ मिलीमीटरच्या आसपासचे तोंड, हवा कमी दाबाची, रंग दुधासारखा पातळ आणि हात अनेक. खुंट्या व भोके यांवर रंग चढू देऊ नये. तेथे पट्टी लावावी. नाहीतर जोडताना भाग अडतो, जोर केला की फाटतो.

तळाच्या रंगावर वरचा रंग अवलंबून असतो. पिवळा आणि लाल हे अंगाने पातळ रंग; राखाडीवर मारले तर मळकट दिसतात, म्हणून त्यांच्याखाली पांढरा किंवा गुलाबी हात हवा. चांदी रंग खुलायचा तर खाली चकचकीत काळा. काही कारागीर सगळा भाग आधी गडद करतात आणि मूळ रंग पत्र्याच्या मध्यभागी जास्त, कडेला कमी सोडतात. त्यामुळे कडेला सावली आपोआप राहते आणि सपाट पत्र्याला उठाव येतो.

येथे वाचक विचारील की प्लास्टिक मुळातच चार रंगांत आले असताना रंगवायचे कशाला? याचे उत्तर उजेडात आहे. प्लास्टिकमधून उजेड थोडा आरपार जातो आणि वरून चमकतो. पाच इंचाच्या वस्तूवर दिव्याचा लखलखीत ठिपका दिसला की डोळा तिला पाच इंचाचीच समजतो. साठ फुटांचे यंत्र आपण लांबूनच बघू. मधल्या हवेमुळे त्याचे रंग फिके दिसतील, चमक विखुरलेली असेल. म्हणून मॉडेलचा पांढरा हा निव्वळ पांढरा न घेता थोडी राख मिसळून घेतात, लाल-निळ्यात जरासे पांढरे घालतात आणि शेवटचा हात मॅट मारतात. फक्त हा मॅट हात मारला तरी बिनरंगाच्या किटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आमच्या मते नवशिक्याने पहिल्या दोन-तीन नगांना फक्त घासणे, रेघा भरणे आणि मॅट एवढेच करावे, पूर्ण रंगकामाच्या मागे लागू नये.

रेघा भरणे म्हणजे चिलखताच्या पत्र्यांमधल्या खोबणीत गडद रंग उतरवणे. ऑइल पेंटच्या जातीचा इनॅमल रंग खूप पातळ करून ब्रशचे टोक खोबणीला नुसते टेकवले की रंग आपोआप धावत जातो. बाहेर सांडलेला रंग इनॅमल थिनरने पुसायचा. यासाठी खालचा पृष्ठभाग चकचकीत हवा. मॅटवर रंग टिपकागदासारखा पसरतो. म्हणून क्रम असा : मूळ रंग, त्यावर चकचकीत लॅकर, मग रेघा, मग पाण्यात भिजवून लावायच्या खुणा व आकडे, आणि सर्वांत शेवटी मॅट. सगळीकडे काळी रेघ भरू नये. पांढऱ्यावर राखाडी, लालवर आणि पिवळ्यावर तपकिरी, गडद भागावर काळी. पांढऱ्यावर काळी रेघ भरलेली मॉडेल पुष्कळ दिसतात आणि ती छापील चित्रासारखी दिसतात.

क्रमाचा दुसरा नियम थिनरचा. मूळ रंग लॅकरचा असेल तर त्यावर इनॅमल चालते, कारण इनॅमलचे थिनर सौम्य असून खालचे लॅकर उचलत नाही. उलटे केले, म्हणजे इनॅमलवर लॅकर मारले, तर खालचा रंग सुरकुततो. हेच सौम्य इनॅमल थिनर मात्र ताणाखाली असलेल्या उघड्या प्लास्टिकमध्ये झिरपले की भाग तडकतो. एबीएसचे भाग यात पहिले बळी. घट्ट बसलेल्या सांध्यात थिनर जाऊ देऊ नये. शक्य तो भाग सुटे असतानाच रेघा भराव्यात.

पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात लॅकर मारणाऱ्यांना ठाऊक आहे की दमट हवेत रंग पांढरट येतो. थिनर भराभर उडते, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतले पाणी त्यावर बसते. मॉडेलच्या गडद रंगावर ही पांढरट झाक फारच वाईट दिसते. त्या दिवशी काम बंद ठेवणे उत्तम. ठेवता येत नसेल तर सावकाश उडणारे रिटार्डर मिसळावे आणि हात पातळ मारावेत. मॅटचा शेवटचा हात तर पावसात मारूच नये. आठ दिवसांचे काम पाच मिनिटांत जाते.

काही गिऱ्हाइकांना जुने, लढून आलेले चिलखत हवे असते. त्यासाठी कडांवर स्पंजने गडद ठिपके, पायांवर धुळीचा रंग, आगीच्या नळ्यांपाशी काजळी. येथे विचार करूनच हात चालवावा. घासले जाते ते कोपर, गुडघा, तळपाय, ढालीची कड. छातीच्या मध्यभागी, जेथे काही लागतच नाही, तेथे ओरखडे काढले तर ते खोटे वाटतात.

एक गोष्ट आम्ही जोर देऊन सांगतो. लॅकर थिनरमध्ये बहुधा टोल्युइनसारखी द्रव्ये असतात. त्यांची वाफ डोके चढवते आणि वर्षानुवर्षे गेली तर मेंदू, यकृत, फुप्फुसे यांना घातक ठरते. तोंडाला रुमाल बांधल्याने काहीही होत नाही. रुमाल धूळ अडवील, वाफ नाही. कोळशाच्या डब्या असलेला मास्क घ्यावा, त्या डब्या वेळेवर बदलाव्यात, आणि हवा बाहेर फेकणारा पंखा असावा. एकाच खोलीत राहणे, स्वयंपाक आणि स्प्रे करणे हे तर आगीलाच आमंत्रण. ज्याच्याकडे वेगळी जागा नाही त्याने पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग ब्रशने लावावेत. ते सावकाश होते, पण घरातली मुले सुरक्षित राहतात.

भाव कसा लावावा?

जपानमध्ये आणि इतर देशांत दुसऱ्यासाठी मजुरीवर मॉडेल जोडून-रंगवून देणारे कारागीर आहेत. किट गिऱ्हाइकाचे, हात कारागिराचा. आपल्याकडेही असे हौशी आता शहरांतून भेटतात. या कामात बहुतेक जण मार खातात तो किटच्या किमतीवरून मजुरी ठरवल्यामुळे. समजा किट दोन हजारांचे आहे आणि रेघा घासून, सांधे कापून, सात रंगांत रंगवायला तीस तास लागतात. मजुरी दोन हजार धरली तर तासाला सत्तर रुपयेसुद्धा पडत नाहीत, आणि त्यातूनच रंग, थिनर, पॉलिश पेपर, मास्क गेले. तेव्हा आधी तास मोजावेत. नुसती जोडणी, जोडणी आणि मॅट, रेघ घालवून पूर्ण रंग, असे तीन दर वेगळे सांगावेत आणि गोंद वाळायला लागणारे दिवस मुदतीत धरावेत. अर्धी रक्कम आगाऊ घ्यावी. रंगवलेले सांधे फार हलवू नयेत हे माल देताना स्पष्ट सांगावे, नाहीतर आठ दिवसांनी रंग खरचटल्याची तक्रार येते.

आयात करू पाहणाऱ्या व्यापाऱ्यांनी जकातीचा हिशेब आधी करावा. हे मुलांचे खेळणे नव्हे असे सांगून सुटका होत नाही, कारण जकातीच्या ९५०३ या शीर्षकाखाली खेळण्यांबरोबर लहान मापाची मॉडेलही येतात. खेळण्यांवरची मूळ जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोची खूण सक्तीची आहे. डब्यावर कोणते वय छापले आहे यावरून वाद उद्भवू शकतो. माल बंदरात अडकून दंड व भाडे भरण्यापेक्षा ऑर्डर देण्याआधीच आपल्या क्लिअरिंग एजंटकडून त्या दिवसाचे दर आणि नियम लेखी घ्यावेत.

स्वस्त नकली किटचा मोह टाळावा. दुसऱ्याच्या किटवरून साचा उतरवून काढलेल्या मालात दाणा हलका असतो, खुंट्या ढिल्या किंवा फार घट्ट, आणि त्यावर खरी-खोटी नावे छापलेली. पकडला गेला तर माल जातो आणि खटला दुकानदारावर येतो. अस्सल भागाचा रबरी साचा करून रेझिनमध्ये नकला ओतणे हीदेखील नक्कलच. स्वतःच्या कल्पनेचे चिलखत, ढाली, तळाचे फलक, भग्न भिंती मात्र कोणीही घडवावे आणि विकावे. आमच्या डाय कारागिरांना हे अशक्य नाही. २०१० च्या दशकात एअरफिक्सच्या अनेक किटच्या डब्यांवर 'भारतात बनवलेले' असे छापलेले होते. म्हणजे असले बारीक काम येथल्या यंत्रांवर निघू शकते हे सिद्धच आहे.

राहता राहिली दांडी. मॉडेल पुरे झाले की टेबलावर रिकाम्या चौकटींचा ढीग उरतो. २०२१ पासून जपानमध्ये त्या दुकानांतून परत गोळा करून पुन्हा वापरात आणण्याची योजना चालू झाली. धारावीत भंगार निवडणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. त्यांच्यासाठी एवढेच की या चौकटींवर प्लास्टिकची जात बहुधा छापलेली असते, पीएस, एबीएस किंवा पीई, त्यामुळे जाळून वास घेण्याची गरज पडत नाही. रंग लागलेल्या दांड्या मात्र वेगळ्या काढाव्यात. त्या मिसळल्या की दाणा काळपट येतो आणि भाव पडतो.